ब्रिटनमध्ये जादा भरलेला प्राप्तिकर मागूनच घ्यावा लागतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटनमध्ये नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी बहुतेकांचा प्राप्तिकर पगारातूनच परस्पर कापला जातो, आणि कापला गेलेला कर बिनचूकच असणार असे धरून ही मंडळी वर्षानुवर्षे निश्चिंत असतात. ४० टक्क्यांच्या वरच्या दरात येणाऱ्यांच्या बाबतीत ही निश्चिंती महागात पडते. त्यांना कायद्याने देऊ केलेल्या काही सवलतींचा अर्धा भाग आपोआप मिळतो, उरलेला अर्धा मात्र स्वतः मागितल्याखेरीज मिळत नाही, आणि तो मागायचा असतो हे त्यांना सांगायला कोणी येत नाही. आपल्या वृत्तपत्राची ऑनलाइन आवृत्ती तेथील अनेक मराठी घरांत वाचली जाते, म्हणून हा पत्रप्रपंच.

इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये वार्षिक १२,५७० पौंडांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त असते, त्यापुढे ५०,२७० पौंडांपर्यंत २० टक्के आणि त्यावर ४० टक्के कर लागतो. (स्कॉटलंडचे दर वेगळे आहेत.) या मर्यादा एप्रिल २०२१ पासून जागच्या हललेल्या नाहीत; पगार मात्र महागाईच्या मागे का होईना, पण वाढत राहिले. परिणामी स्वतःला कधीही श्रीमंत न समजणाऱ्या ज्येष्ठ परिचारिका, शाळांमधील विभागप्रमुख आणि मधल्या फळीतले सॉफ्टवेअर अभियंते आज ४० टक्क्यांच्या पट्ट्यात जाऊन बसले आहेत. त्यांनी कधी विवरणपत्र भरलेले नसते आणि भरावे लागेल असे त्यांच्या मनातही येत नाही.

सर्वाधिक पैसा अडकतो तो पेन्शनच्या वर्गणीत. काही योजनांमध्ये ही वर्गणी कर आकारण्याच्या आधीच पगारातून वजा होते आणि पूर्ण सवलत जागीच मिळते. सरकारी आरोग्यसेवेतील डॉक्टर व परिचारिकांची योजना याच प्रकारची असल्याने त्यांना या कारणासाठी काही मागावे लागत नाही. परंतु अनेक खासगी योजनांत, तसेच सरकारने उभारलेल्या ‘नेस्ट’ योजनेत, वर्गणी कर कापून उरलेल्या पगारातून जाते. सभासदाने ८० पौंड भरले की योजना कर खात्याकडून २० पौंड आणून खात्यात १०० जमा करते. ही झाली २० टक्क्यांची सवलत. वरच्या दराने कर भरणाऱ्याला आणखी २० टक्के मिळायला हवेत, आणि ते मात्र त्याने स्वतः दावा केल्यावरच मिळतात.

रक्कम किती होते, ते पाहू. वार्षिक पगार ५५,००० पौंड आहे आणि पेन्शन खात्यात सभासदाचे ४,००० व कर खात्याचे १,००० असे ५,००० पौंड जमा झाले आहेत असे समजा. या व्यक्तीचे ४,७३० पौंड ४० टक्क्यांच्या पट्ट्यात येतात. तेवढ्या रकमेवर जादा घेतलेले २० टक्के म्हणजे ९४६ पौंड तिला परत मिळू शकतात. दावा करवर्ष संपल्यापासून चार वर्षांपर्यंत करता येतो, म्हणजे हीच स्थिती चार वर्षे असेल तर ३,७८४ पौंड झाले. मुदत टळलेल्या वर्षाचे पैसे मात्र कायमचे गेले: २०२२-२३ या करवर्षाचा दावा ५ एप्रिल २०२७ नंतर विचारातच घेतला जाणार नाही.

आपली योजना कोणत्या प्रकारची आहे, हे ओळखणे अवघड नाही. वर्षअखेरीस मालकाकडून मिळणारा ‘पी-६०’ हा कागद हाती घ्यावा. त्यावरील पगाराचा आकडा पेन्शन वजा होण्यापूर्वीच्या पूर्ण पगाराइतकाच असेल, तर वर्गणी कर कापल्यानंतर गेली आहे आणि दावा शिल्लक आहे, असे बहुधा समजावे. पगाराचा काही भाग सोडून मालकाकरवी पेन्शन भरणाऱ्यांचा आकडा आधीच कमी झालेला असतो. त्यांना मागण्यासारखे काही उरत नाही. दावा विवरणपत्रातून करता येतो, आणि विवरणपत्र न भरणाऱ्या पगारदारांना तो कर खात्याच्या संकेतस्थळावरून किंवा टपालानेही करता येतो. योजनेकडून येणारे वार्षिक विवरण मात्र जपून ठेवावे.

दानधर्माचेही तसेच आहे. ‘गिफ्ट एड’चा अर्ज भरून मंदिराला किंवा अन्य नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला १०० पौंड दिले की संस्थेला १२५ मिळतात, आणि ४० टक्के दराच्या दात्याला त्यातले २५ पौंड परत मागता येतात. व्यवसायासाठी आवश्यक नोंदणीचे शुल्क आणि मान्यताप्राप्त व्यावसायिक संस्थांची वर्गणी स्वखर्चाने भरणाऱ्यांनाही सवलत आहे. ४०० पौंडांच्या शुल्कामागे १६० पौंड. सरकारी सेवेतील डॉक्टरांना पेन्शनसाठी काही करावे लागत नाही, म्हणून ते हाही दावा विसरतात.

महाराष्ट्रात परतलेल्यांसाठी एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. ब्रिटनचे करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल असते आणि पगारातून कर कापताना तोच पगार वर्षभर मिळणार असे मानले जाते. महिना ६,००० पौंड पगारावरील पुण्याचा एखादा अभियंता ऑक्टोबरअखेर कायमचा मायदेशी परतला, तर सात महिन्यांत त्याच्याकडून सुमारे ९,४७० पौंड कापलेले असतात. त्याचे तेथील वर्षाचे उत्पन्न ४२,००० पौंडच झाले, म्हणजे ते ४० टक्क्यांच्या पट्ट्यात गेलेच नाही आणि खरा कर ५,८८६ पौंड होतो. परतल्यानंतरचा भारतातील पगार करवर्षाच्या विभाजनाच्या नियमाने सर्वसाधारणपणे वगळला जातो. सुमारे ३,५८० पौंडांचा हा फरक ‘पी-८५’ हा अर्ज भरून मिळतो. नोकरी देणारी कंपनी विमानाचे तिकीट काढून देते. या अर्जाचे नाव तिने काढले तर नशीब.

परतावा मिळवून देतो म्हणून टक्केवारी घेणाऱ्या कंपन्यांपासून सावध राहावे, असे मी कळकळीने सांगेन. पूर्वी अशा कंपन्या करदात्याकडून परताव्याचा हक्कच स्वतःच्या नावावर लिहून घेत. १५ मार्च २०२३ पासून केलेली अशी हस्तांतरणे कायद्याने रद्दबातल ठरवली आहेत, ही चांगली गोष्ट झाली. पण मोबदला घेण्याचा मार्ग अजून खुला आहे, आणि जो दावा स्वतः विनामूल्य करता येतो त्यात दुसऱ्याला वाटा देण्याचे काही कारण नाही. ‘तुमचा रिफंड मंजूर झाला आहे, बँकेचा तपशील भरा’ असा ईमेल किंवा मेसेज आला तर तो फसवणुकीचाच समजावा. कर खाते अशा मार्गाने परतावा कळवून बँकेची माहिती मागत नाही.

या व्यवस्थेतला अन्याय मला व्याजाच्या दरात सर्वांत स्पष्ट दिसतो. एप्रिल २०२५ पासून करदात्याने कर उशिरा भरला तर त्याला बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरापेक्षा चार टक्के जास्त व्याज द्यावे लागते. तेच खात्याने जादा घेतलेली रक्कम परत करताना मूळ दरापेक्षा एक टक्का कमी व्याज मिळते. शिवाय योजना २० टक्के मागतात तेव्हा सभासदांची माहिती कर खात्याला देतातच आणि त्यांचा पगारही खात्याला ठाऊक असतो. दोन्ही नोंदी जुळवून पात्र करदात्याला निदान एक पत्र पाठवणे खात्याला अशक्य नसावे. तेथे राहणाऱ्या वाचकांनी आपापल्या खासदाराला हे अवश्य लिहावे, कारण मतदारसंघातून येणाऱ्या पत्राची तेथे दखल घेतली जाते.

आपल्याला एकच विनंती आहे. दर वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात, ५ एप्रिलला कोणत्या करवर्षाची मुदत संपते आहे आणि दाव्यासाठी कोणते कागद लागतात, एवढी चौकट आपण छापावी. तिचा मजकूर तयार करून वेळेवर पाठवण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन.

आपला विश्वासू,
एक वाचक, इंग्लंड