मंत्रिमहोदय, लांडग्याच्या कानाचे पैसे कोण देणार?

माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मोठ्या चित्रपटांच्या अनुदानाची नवी नियमावली आपल्या विभागाने गेल्या सोमवारी जाहीर केली, त्याबद्दल अभिनंदन. मुखपृष्ठ देखणं आहे. दोन वर्षांपूर्वी अ‍ॅनिमेशनवाल्यांच्या परिषदेत आपण व्यासपीठावरून शब्द दिला होता, की कलाकारांची देणी चुकती केल्याचा दाखला आणल्याशिवाय निर्मात्याला अनुदानाचा शेवटचा हप्ता मिळणार नाही. मी सातव्या रांगेत होते. टाळ्याही वाजवल्या, कबूल करते. तो दाखला मी नियमावलीत पानोपान शोधला. कुठेच नाही. ‘निर्मात्याची आर्थिक जोखीम’ हे शब्द मात्र जागोजागी आहेत. मी १९ पर्यंत मोजले आणि सोडून दिलं. एखादा इकडेतिकडे झाला असेल, आपल्याकडे माणसं आहेत, मोजून घ्या.

मी प्राण्यांचे केस करते. म्हणजे अ‍ॅनिमेशनमधले: आयाळ, लव, भिजलेली शेपटी. आमच्यात त्याला ग्रूमिंग म्हणतात. शेवटचं काम एका गाजलेल्या कादंबरीवरच्या चित्रपटाचं होतं. नाव सांगत नाही, कारण करारात तोंड बंद ठेवायचं कलम आहे आणि पैसे बुडाले तरी ते कलम बुडत नाही, असं वकील म्हणतो. त्यात पावसात भिजलेला एक जखमी लांडगा आहे. त्याच्या डाव्या कानावर मी पाच आठवडे बसले. आधी कान कोरडा वाटला, मग जास्तच ओला वाटला, मग दिग्दर्शकाचा निरोप आला की ओलेपणा जमलाय, पण त्यात दुःख दिसत नाही. फाइलचं नाव ‘कान_फायनल_४७’ झालं. त्यानंतर पटकथा बदलली आणि प्रसंग रात्रीचा झाला. अंधारात कान दिसेनाच. तरी ४८वा रिटेक मागितला, तो मी दिला.

हे रिटेक फुकट असतात, हे आपल्याला कुणी सांगितलंय का? स्टुडिओ काम घेतो ते ठोक रकमेला आणि कमीत कमी बोली लावणाऱ्यालाच ते मिळतं. पुढे निर्मात्याने कितीदाही मत बदललं तरी रक्कम तीच. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर दीड तासाच्या फिल्मच्या १,२९,६०० फ्रेम होतात. त्यातली एखादी गुंतागुंतीची फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे संगणकातून तिचं अंतिम चित्र तयार व्हायला, मशीनला तासन्‌तास लागतात. ‘जरा बदलून बघू या’ म्हणायला मात्र दोन सेकंद पुरतात.

आमचा स्टुडिओ बुडाला. एका शुक्रवारी ओळखपत्र लावलं तर दारच उघडेना. माझे पाच महिन्यांचे पैसे आत. अवसायकाने, म्हणजे बुडालेल्या कंपनीचा हिशेब मिटवणाऱ्याने, ज्यांचे पैसे द्यायचे आहेत त्यांची यादी पाठवली, त्यात मी २१४व्या क्रमांकावर, ‘विनातारण धनको’, म्हणजे जिचे पैसे अडकलेत पण हाती तारण काही नाही. सहा वर्षं एकाच टेबलाशी बसले, पण कंत्राटी, म्हणून कागदावर मी बाहेरची पुरवठादार. १८७व्या क्रमांकावर खुर्च्या भाड्याने देणारा आहे. त्याच्याच खुर्चीने माझी कंबर गेली, आणि तो माझ्या वर! उजव्या मनगटाने आता बाटलीचं झाकण फिरत नाही. आईला अजून काही सांगितलेलं नाही. रोज सकाळी आवरून, डबा घेऊन निघते आणि संध्याकाळपर्यंत वाचनालयात बसते. हे पत्र तिथूनच लिहितेय. मागण्या लिहायला बसले होते, रडगाणं झालं. असू द्या, आम्हाला ऐकवायला दुसरं कोण आहे?

तुमचे सचिव म्हणतील, धंद्यात चढउतार असायचेच. (‘आपण’वरून ‘तुम्ही’वर आले, लक्षात आलंय. राहू दे.) चढउतार मलाही ठाऊक आहेत. २००१ मध्ये ‘फायनल फँटसी’ या व्हिडिओ गेमवर संगणकी चित्रपट आला. नायिकेच्या डोक्यावर तब्बल ६० हजार केस, त्यासाठी तर आम्ही त्याला अजून हात जोडतो. खर्च सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर, जगभरचा गल्ला साडेआठ कोटींच्या आसपास, आणि स्टुडिओला कुलूप. २००७ च्या, कादंबरीवरच्या ‘गोल्डन कंपास’ चित्रपटावर १८ कोटी डॉलर लावले आणि परदेशातले हक्क आधीच विकून टाकले. मग चालला तो नेमका परदेशात! तो काढणारी न्यू लाइन कंपनी पुढच्याच वर्षी वॉर्नर ब्रदर्सच्या पोटात गेली. ‘जॉन कार्टर’ही जुन्या कादंबरीवरचाच, २०१२ चा. डिस्नेने त्यात २० कोटींच्या घरात तोटा जाहीर केला. पुस्तक किंवा खेळ लोकांना माहीत आहे म्हणजे पैसे सुरक्षित, या एका समजुतीवर हे सगळे इमले उभे राहतात. निम्मा गल्ला थिएटरवाल्याकडे राहतो आणि जाहिरातीचा खर्च वेगळाच, म्हणून बजेटच्या अडीचपट आल्याशिवाय हाती काही लागत नाही, असा आमच्याकडचा ढोबळ हिशेब आहे.

हे झाले पडलेले. चाललेल्याची गत ऐका. ‘लाइफ ऑफ पाय’ या चित्रपटाने जगभरात ६० कोटी डॉलरच्या वर कमावले. त्यातला संगणकी वाघ घडवणाऱ्या ‘रिदम अँड ह्यूज’ स्टुडिओने ११ फेब्रुवारी २०१३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २४ तारखेला त्याच वाघासाठी ऑस्कर मिळालं. पुरस्कार घेणारा मंचावरून कंपनीच्या हलाखीबद्दल बोलायला लागला, तर ‘जॉज’मधल्या शार्कचं संगीत वाजवून त्याला गप्प केलं. बाहेर रस्त्यावर शेकडो कलाकार निदर्शनं करत होते. चित्रपट पडला तर आम्ही बुडतो हे एक वेळ समजू शकते. चालला तरी आम्हीच बुडायचं?

२०२२ मध्ये ‘बॅटगर्ल’ हा चित्रपट सुमारे नऊ कोटी डॉलर खर्चून प्रदर्शितच केला नाही. करात तोटा दाखवता यावा म्हणून, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. म्हणजे तोटासुद्धा वरच्यांच्या कामी येतो. मला माझ्या तोट्यावर कुठली सवलत मिळते?

आणि तुमचं अनुदान! खर्चाच्या अमुक टक्के परत. कॅनडातले प्रांत देतात, ब्रिटन देतं, न्यूझीलंड देतं, म्हणून आपणही देऊ. जितकं उधळाल तितकं जास्त परत. जिकडे सवलत मोठी तिकडे काम जातं आणि कामामागे माणसं बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतात. ‘सर्जनशील अर्थव्यवस्था’ म्हणून तुम्ही भाषणं करता, वर्षाला हजारो पोरं अ‍ॅनिमेशन शिकून बाहेर पडतात, आणि तुमच्या समितीत आठही सदस्य निर्माते. आठ नसतील तर सात असतील. रस्त्याचं कंत्राट असो, शाळेच्या इमारतीचं असो की लांडग्याचं, बिल वरून फिरत फिरत खाली येतं आणि शेवटच्या माणसापर्यंत पोहोचताना आटून जातं. पक्ष बदलले, मंत्री बदलले, ही उतरंड काही हलली नाही.

मागण्या दोनच होत्या. देणी चुकती केल्याचा तो दाखला नियमावलीत घाला. आणि कलाकारांच्या पैशांसाठी अनुदानाइतकी रक्कम काम सुरू होण्याआधीच निर्मात्याला तिऱ्हाइताच्या खात्यात ठेवायला लावा.

आपली,
यादीतली क्रमांक २१४

ता. क. स्टुडिओतल्या सामानाच्या लिलावाची यादी आजच हाती आली. मॉनिटर ४०, सर्व्हर ११, आणि तिसऱ्या पानावर ‘लांडगा, डिजिटल, अपूर्ण, नग १’. डावा कान पूर्ण आहे. तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.