आकाराचा एवढा बाऊ कशाला?

मोठ्या संख्यांविषयीचा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. ‘दहा अंकी संख्येचे विभाजक शोधणे संगणकाशिवाय अशक्यच’ हे त्यातील विधान मात्र पटले नाही. 4294967297 हीच दहा अंकी संख्या घ्या. ती म्हणजे 2 चा 32वा घात अधिक 1, आणि 32 हाही 2 चाच घात. याच घडणीच्या 3, 5, 17, 257 आणि 65537 या संख्या मूळ असल्याने हीदेखील मूळच असणार, असे 17व्या शतकात गणितज्ञ फर्मा यांनी मानले. 1732 मध्ये गणितज्ञ ऑयलर यांनी तिला 641 ने नि:शेष भाग जातो, हे दाखवून दिले, भागाकार 6700417. त्यासाठी शेकडो भागाकार करत बसावे लागत नाही. या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला 64 ने भागले की बाकी 1च उरते, हे सिद्ध करता येते. मग तपासायला उरतात 193, 257, 449, 577 आणि 641. पाचव्या भागाकाराला काम फत्ते, तेही कागद-पेन्सिलीवर!

संगणकाचे महत्त्व नाकारायचे नाही. पण प्रश्न संख्येच्या लांबीपेक्षा तिच्या घडणीचा असतो, हे लेखात यायला हवे होते. याच कुळातील 2 चा 1048576वा घात अधिक 1 ही संख्या 3 लाखांहून अधिक अंकी आहे. ती मूळ नाही, हे 1988 मध्ये सिद्ध झाले. तिचा एकही मूळ विभाजक मात्र संगणकालाही अजून सापडलेला नाही.

– एक गणितप्रेमी वाचक