रविवारी वाचायच्या स्मरणलेखाबद्दल

प्रिय आई आणि बाबा,
दोघांना प्रभूत सप्रेम सलाम.

बाबा, आधी मुद्द्याचं सांगून टाकते. आजोबांचा स्मरणलेख मी काल पाळकसाहेबांकडे पाठवून दिला. तुम्हाला न दाखवता. दाखवला असता तर तुम्ही चष्मा लावून, पेन्सिल घेऊन निम्मा खोडला असतात, आणि मी 'बरं' म्हणाले असते. एवढी मोठी झाले तरी तुमच्यासमोर माझ्या तोंडून 'बरं'च निघतं. म्हणून पाठवला. आता त्यात फेरफार होणार नाही. पाळकसाहेबांना फोन करू नका, ते बिचारे अवघडतील.

तुमचं म्हणणं मला पाठ आहे. देवळात धंद्याच्या गोष्टी कशाला? बाप्तिस्मा, लग्न, मंडळीचे निवडलेले वडील (एल्डर) म्हणून केलेली सेवा, शब्बाथशाळा, एवढं लिही आणि शेवटी एक वचन घाल. ते सगळं लिहिलंय. 1970 साली नागपूरला सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तेव्हा 'आता आपल्यावर बिशप येणार' म्हणून रुसून बसलेल्यांच्या घरी जाऊन आजोबांनी समजूत घातली, तेही आहे. 'टेबल बदललंय बाई, मशीन तेच आहे,' हे त्यांचं वाक्य ठेवलंय. लोक हसतील. हसू देत की. 96 वर्षं जगलेल्या माणसाच्या आठवणीला नुसता गंभीर चेहरा शोभत नाही, आणि आजोबांना तर मुळीच नाही.

पण शिवणमशिनं विकणारा माणूस त्यातून वगळायला मी तयार नाही. का ते सांगते. दफनाच्या दुसऱ्या दिवशी कपाट आवरताना आईने वह्यांचे दोन गठ्ठे माझ्या हातात दिले आणि विचारलं, "रद्दीत घालू का गं?" एक गठ्ठा हप्त्यांच्या वह्यांचा, दुसरा मंडळीतल्या घरभेटींचा. अक्षर तेच, बारीक, उजवीकडे कललेलं. सासवडच्या एका घरापुढे लिहिलंय, 'नवरा दवाखान्यात. दोन महिने मागू नये.' दुसऱ्या एका नावापुढे, 'छप्पर गळते. थोरलीचे पुस्तक नाही. मंगळवारी पुन्हा.' काही पानांवर तर मला वही मिटून वरचा कागद बघावा लागला, ही दुकानाची की देवळाची. बाबा, त्या माणसाने दोन नोकऱ्या केल्याच नाहीत. स्वारगेटवरून एसटी धरून दिवे घाट चढला तो माणूस आणि रविवारी प्रभुभोजनाची भाकर घेऊन बाकांमधून फिरला तो माणूस, यातला एकच पाळकसाहेबांना कळवायचा असेल तर मला ते लिहिता आलं नसतं.

आणि हो, पानशेतचंही लिहिलंय. तेच तुम्हाला नको असणार, म्हणून जरा बोलते. 12 जुलै 1961ला धरण फुटलं तो बुधवार होता. पाणी उतरलं, चिखल राहिला. नारायण पेठ, शनिवार पेठ, ज्या ज्या घरात आजोबांनी हप्त्याने मशीन दिलं होतं ते सगळं चिखलात. पुढचं मला तुम्हीच शिकवलंत. आधी साध्या पाण्याने गाळ काढायचा, मग सांधे रॉकेलने धुवायचे, शटल आणि बॉबिन केस सोडवून पुसायचे, पार सुकल्यावरच तेल. गाळावर तेल घातलं की मशीन धरलंच म्हणून समजा. चामड्याचे पट्टे गेलेलेच होते, लाकडी टेबलं फुगलेली. टेबलाचं पुढे बघता येतं, गंज मात्र थांबत नाही. आणि जिचं घरच शिवणावर चालतं, तिला सोमवारपर्यंत थांब म्हणणार कोण?

म्हणून ते रविवारीही गेले. शनिवारी संध्याकाळी खिळ्याला अडकवलेली पिशवी सोमवारखेरीज न काढणारा माणूस. देवळाच्या दारात कुणी 'दोरा सारखा तुटतो' म्हणालं तरी 'सुई उलटी बसली असेल, उद्या येतो' एवढंच बोलणारा. मंडळीचे वडील म्हणून निवडून येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि 16 तारखेला त्यांची जागा रिकामी. तुम्ही सात वर्षांचे, आजीचा पदर धरून बसलेले. तेव्हा लोक जे बोलले ते तुमच्या मनातून गेलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. पण विहिरीत पडलेला बैल शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस असला तरी लगेच बाहेर काढायचा, ही गोष्ट आम्हाला शब्बाथशाळेत कुणी शिकवली? तुम्हीच ना? ती शिकवताना तुमच्या डोळ्यांसमोर आजोबा नव्हते, असं मला सांगू नका.

एक मात्र मी लिहिलं नाही. थकलेले हप्ते ते आपल्या कमिशनमधून भरत, एवढं लिहिलंय. ते पैसे आपल्या घरात कुठे कमी पडत, ते नाही. आजीच्या पाटल्यांचं नाही, तुमच्या कॉलेजचंही नाही. तुम्ही स्वतः कधी चकार शब्द काढला नाहीत, मग देवळात उभं राहून मी कशाला काढू? फक्त मला माहीत आहे, एवढं तुम्हाला माहीत असू द्या. त्यांचं नाव मोठं झालं त्यातला थोडा भाग तुमचा आहे. हे मला समोर बसून बोलता आलं नसतं, म्हणून नाशिकहून हा कागद.

आठवतं का, रविवारी निघताना तुम्ही माझ्या रुमालाच्या टोकाला दानाचं नाणं बांधून द्यायचात? गाठ इतकी घट्ट की थैली पुढे आली तरी सुटायची नाही. मग आजोबा थैली धरून तिथेच थांबायचे, अख्खी मंडळी थांबायची, आणि ते वाकून दातांनी गाठ सोडायचे. तुम्ही खाली मान घालून हसत असायचात. बाबा, तुम्ही हसता तेव्हा अगदी त्यांच्यासारखे दिसता. आता रडू नका, आईलाही रडवू नका.

आता ऐका. आजोबांची भाड्याची खाट परत गेली ना? ती खोली बंद ठेवायची नाही. तिथे तुम्ही दोघं झोपा. सकाळचं ऊन येतं आणि संडास लागूनच आहे, रात्री अंधारात चाचपडत जायला नको. भिंतीला धरायला दांडे बसवलेत ते तसेच राहू द्या. ते फक्त आजोबांसाठी नव्हते. स्वयंपाकाला बाई सोमवारपासून येतील, पैशांचं मी बघते. आई, तू त्यांच्या मागे मागे उभी राहून फोडणीवर लक्ष ठेवणार हे मला माहीत आहे. निदान खुर्ची घेऊन बस. आजोबांना उचलून उचलून तुझ्या कंबरेचं काय झालंय ते डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं. पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही. तुम्ही म्हातारे झालात असं मी म्हणत नाहीये. इतकी वर्षं त्यांचं केलंत, आता कुणीतरी तुमचं करू दे, एवढंच.

वह्या रद्दीत घालायच्या नाहीत, मी आले की नेईन.

रविवारचा चहा आणि खारी महिला मंडळाने अंगावर घेतलीय, त्यामुळे आई, केक करायला पहाटे उठू नकोस. लेख धाकटे काका वाचतील. बाबा, तुम्ही पुढच्या बाकावर बसा, खांबाआडच्या जागेवर पंखा लागत नाही. काका अडखळले तर जागेवरून पुढचं वाक्य सांगू नका. साखरेची गोळी नाश्त्याआधी घ्या, आणि उपासनेचा दिवस आहे म्हणून नुसत्या चहावर निघू नका. जावई आणि मुलं शनिवारी रात्रीच माझ्याबरोबर पोचतील, गाद्या आम्ही घालू. रिक्षा सव्वाआठला दारात येणार आहे. सातलाच बूट घालून पायरीवर जाऊन बसू नका.

तुमची,
बेबी