सोनोग्राफीच्या कागदावरची बारीक ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये माझी 30 वर्षे नोटा तपासण्यात गेली. शाई केसभर सरकली तरी कागद बाजूला काढायचा, अशी डोळ्याला सवय. तरी थोरल्या बंधूंच्या सोनोग्राफी रिपोर्टमधली एक ओळ नजरेतून सुटली.

दादा निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार. ऑक्टोबर छाटणीच्या सुमारास वरचे पोट आणि पाठ दुखू लागली, वजन उतरले, साठीनंतर पहिल्यांदाच साखर निघाली. सोनोग्राफी केली. खाली ठळक अक्षरांत ‘नो सिग्निफिकंट ॲबनॉर्मलिटी’. आम्ही निर्धास्त, पाठदुखी छाटणीच्या खात्यावर मांडली. वर बारीक टाइपात मात्र होते, ‘पॅन्क्रियाज ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस’. म्हणजे आतड्यातल्या वायूमुळे स्वादुपिंड दिसलेच नव्हते! जठराच्या मागे, कण्यापुढे दडलेला हा अवयव. वायू आडवा आला की सोनोग्राफीचे काही चालत नाही. त्यात मशीनचा दोष नाही. पण जे दिसले नाही ते ‘ठीक’मध्ये कसे जमा झाले?

जानेवारीत माल उतरायला आला आणि दादांचे डोळे पिवळे झाले. स्वादुपिंडातल्या कर्करोगाच्या गाठीने पित्ताची वाट अडवली होती. एका रुग्णालयाने लगेच पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, टाकला; सीटी स्कॅन मात्र मागाहून केला. पुढे ज्या सर्जननी पाहिले ते हळहळले. स्टेंटनंतर आजूबाजूला सूज येऊ शकते, धातूच्या स्टेंटची झाक फोटोत उतरते. मग गाठ शेजारच्या रक्तवाहिनीला नुसती टेकली आहे की तिला वेढून बसली आहे, हे नीट कळत नाही. आणि आधी ऑपरेशन की आधी केमो, ते तर त्यावरच ठरते. ताप-थंडीसारखी घाई नसेल तर सीटी आधी, असे त्यांचे म्हणणे. तोही ‘पॅन्क्रियाज प्रोटोकॉल’चा: शिरेतून औषध सोडल्यावर साधारण 40 ते 45 सेकंदांनी एकदा, 70 सेकंदांच्या आसपास पुन्हा, बारीक काप घेऊन. पहिल्या फेरीत चांगली ग्रंथी उजळते, गाठ बहुधा काळसर राहते.

सोनोग्राफी केंद्रांना विनंती, स्वादुपिंड दिसले नसेल तर ते खालच्या निष्कर्षातच लिहा, आणि मराठीत. आपल्या आरोग्य पानावर हा विषय घेतलात तर बरे होईल.

परवा दादांची चौथी केमो झाली. पुढच्या सीटीची तारीख लागली आहे. रिपोर्ट आणायला मीच जाणार आहे, चष्मा घेऊन.

एक सेवानिवृत्त प्रेस कामगार,
जेलरोड, नाशिकरोड