ऑनलाइन लिलावातील सूडाच्या शेऱ्यांना आळा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन लिलावांत बोली लावून खरेदी करणाऱ्या ग्राहकाने वस्तूबद्दल रास्त तक्रार केली, की काही विक्रेते त्याच्या नावापुढे खोटा आणि बदनामीकारक शेरा लिहून मोकळे होतात. या प्रकाराकडे संकेतस्थळांच्या चालकांचे आणि शासनाच्या ग्राहक व्यवहार विभागाचे लक्ष वेधावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी अमळनेरला राहतो आणि जुनी नाणी जमवतो. सन १६०१ मध्ये बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड किल्ला अकबराच्या हाती आला, खानदेश मोगलांचा सुभा झाला आणि त्यानंतर बुऱ्हाणपूरच्या टाकसाळीत अनेक बादशहांच्या नावे रुपये पडले. आमच्या भागातील संग्राहकांना या रुपयांचे विशेष अप्रूप असते. पूर्वी अशी नाणी सराफांकडे किंवा जुन्या घराण्यांकडे पाहायला मिळत. आता ती बहुतेक ऑनलाइन लिलावांतच दिसतात, त्यामुळे लहान गावातल्या माणसाला दुसरा मार्ग फारसा उरलेला नाही.

गेल्या वर्षी अशाच एका लिलावात बुऱ्हाणपूरचा म्हणून दाखवलेला एक रुपया मी घेतला आणि पैसे त्याच दिवशी चुकते केले. मोगल रुपयाचे वजन साधारण साडेअकरा ग्रॅमच्या आसपास असते. हाती आलेले नाणे त्याहून बरेच हलके होते, त्याच्या कडेला साच्याची जोडरेषा दिसत होती आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे होती. ठशाने पाडलेल्या नाण्यावर अशी लक्षणे नसतात, ती ओतीव नकलेवर असतात. जळगावच्या सराफ बाजारातील एका जाणकारानेही तेच सांगितले. मी छायाचित्रांसह, सभ्य भाषेत, पैसे परत मागितले. संकेतस्थळाने मध्यस्थी केल्यावर पैसे मिळाले, परंतु दुसऱ्याच दिवशी त्या विक्रेत्याने माझ्या खात्यावर ‘पैसे देण्यास टाळाटाळ करणारा, खोट्या तक्रारी करणारा खरेदीदार, इतरांनी सावध राहावे’ असा शेरा टाकला. पैसे कधी जमा झाले याची नोंद त्याच संकेतस्थळाकडे होती. तरीही शेरा काढण्याची विनंती केली तेव्हा ‘हे विक्रेत्याचे वैयक्तिक मत आहे’ एवढेच उत्तर मिळाले. त्यानंतर अन्य विक्रेत्यांनी माझ्या बोल्या कारण न सांगता रद्द केल्या. ज्याच्या नावावर शेकडो व्यवहार आहेत त्याला असा एक शेरा झाकून नेता येतो. ज्याने नुकती सुरुवात केली आहे, त्याची मात्र त्या एका ओळीने पत जाते.

याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. विक्रेता आपल्याविषयी काय लिहील या धास्तीने खरेदीदार आधीच गप्प बसतो, किंवा खराब वस्तू मिळूनही ‘उत्तम व्यवहार’ असे लिहून मोकळा होतो. ग्राहकाचा अभिप्राय येईपर्यंत आपला अभिप्राय हातचा राखून ठेवणारे विक्रेते याच धास्तीवर विसंबून असतात. परिणामी विक्रेत्यांच्या नावापुढे दिसणाऱ्या जवळपास शंभर टक्के चांगल्या अभिप्रायांवरून पुढच्या खरेदीदाराला काहीच खरे कळत नाही, आणि नकली नाणे विकणारा तीच वस्तू पुन्हा लिलावात मांडू शकतो.

हा अनुभव नवा नाही. ईबे या अमेरिकी संकेतस्थळाने १९९६ मध्ये खरेदीदार आणि विक्रेता यांनी एकमेकांना अभिप्राय देण्याची पद्धत सुरू केली आणि अनोळखी माणसांमधील व्यवहार त्या जोरावर वाढला. पुढे सूडापोटी दिलेल्या अभिप्रायांचा उपद्रव इतका झाला की २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांचा खरेदीदाराला नकारात्मक अभिप्राय देण्याचा अधिकारच काढून घेतला. त्यावर विक्रेत्यांनी मोठी नाराजी व्यक्त केली, पण तो निर्णय कायम राहिला. घरे भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबीने २०१४ मध्ये वेगळा मार्ग काढला: दोन्ही बाजूंनी अभिप्राय लिहून झाल्यावर किंवा १४ दिवसांची मुदत संपल्यावरच ते उघड होतात, म्हणजे समोरच्याचे वाचून उट्टे काढण्याची सोय राहत नाही. ईबेचे भारतीय संकेतस्थळ २०१८ मध्ये बंद झाले. आज आपल्याकडील संग्राहक लहान संकेतस्थळांवर आणि समाजमाध्यमांवरील समूहांत बोली लावतात, आणि तेथील अनेक ठिकाणी दुहेरी शेऱ्यांची जुनीच पद्धत चालू आहे. काही समूहांत तर खरेदीदारांची ‘काळी यादी’ त्यांची बाजू न ऐकताच फिरवली जाते.

विक्रेत्यांची बाजू मला समजते. बोली जिंकून पैसे न भरणारे, फोन बंद करून बसणारे खरेदीदार असतात आणि त्यांच्यामुळे प्रामाणिक विक्रेत्याचा लिलाव वाया जातो. त्यावर उपाय हवाच. पण त्यासाठी पैसे मुदतीत आले की नाही, ही तपासता येणारी नोंद पुरेशी आहे. ज्याने पैसे भरले, त्याच्या स्वभावावर आणि हेतूवर शेरे मारण्याचा अधिकार विक्रेत्याला कशासाठी हवा?

आपला कायदा येथे अर्ध्या वाटेवर थांबतो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याला ग्राहक असल्याचे भासवून स्वतःच्या मालाचे गोडवे गाता येत नाहीत. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक आणले, परंतु तेही ग्राहकांनी लिहिलेल्या अभिप्रायांपुरते आहे आणि स्वेच्छेने पाळायचे आहे. विक्रेत्याने ग्राहकाविषयी लिहिलेल्या शेऱ्याचा विचार त्यात नाही. कापूस किंवा धान्याच्या उघड लिलावात वाद झाला तर बाजार समितीकडे दाद मागता येते. ऑनलाइन बोलीत ज्याने लिलाव मांडला तोच पंच होऊन बसतो.

ही उणीव दूर होईपर्यंत जे हाती आहे ते खरेदीदारांनी जरूर वापरावे. बोलणे फोनवर न करता संकेतस्थळाच्या संदेशांतच करावे आणि पार्सल उघडताना चित्रीकरण करून ठेवावे. खोट्या शेऱ्याला उत्तर देण्याची सोय असल्यास रागाच्या भरात न लिहिता पैसे भरल्याची तारीख, वस्तूतील दोष आणि परतावा मिळाल्याची तारीख एवढेच दोन ओळींत नोंदवावे, कारण ते उत्तर पुढचा विक्रेता वाचणार असतो. संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. वरील नियमांनुसार त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रारीचे निवारण करायचे असते. हा नियम तक्रारीत नमूद केला की टोलवाटोलवी कमी होते, असे माझे निरीक्षण आहे. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. विक्रेता दिल्लीचा असो वा कोलकात्याचा, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात, म्हणजे आमच्या भागात जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या जिल्हा ग्राहक आयोगातच तक्रार दाखल करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही.

माझी मागणी अशी की, ग्राहक व्यवहार विभागाने ई-कॉमर्स नियमांत दुरुस्ती करून विक्रेत्याचा शेरा पैसे भरण्याच्या नोंदीपुरता मर्यादित करावा, दोन्ही अभिप्राय एकाच वेळी उघड करण्याचे बंधन घालावे आणि ज्या व्यवहारात परतावा मंजूर झाला आहे त्यातील खरेदीदाराविरुद्धचा शेरा संकेतस्थळाने आपणहून काढावा. समाजमाध्यमांवर लिलाव चालवणाऱ्या समूहप्रमुखांनीही कोणाचे नाव काळ्या यादीत टाकण्यापूर्वी त्याचे म्हणणे लेखी मागवून ते यादीसोबत प्रसिद्ध करावे. त्यासाठी त्यांना कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.

आपला विश्वासू,
एक नाणेसंग्राहक, अमळनेर (जि. जळगाव)