घरातल्या मांजरालाही लस हवीच

संपादक महोदय,

कुत्रा पाळला की लोक लगेच इंजेक्शनचं विचारतात, मांजराचं मात्र "ती कुठे बाहेर जाते, तिला कशाला लस" असं म्हणून सोडून देतात, हे बघून खरंच जीव तुटतो. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा व्हायरस आपल्या चपलांना, कपड्यांना चिकटून घरात येतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. पिल्लाला झाला की उलट्या, जुलाब सुरू होतात, ते पाण्याच्या वाटीपाशी मान टाकून बसतं पण पीत नाही आणि बऱ्याचदा दोन-तीन दिवसांत जातं, कारण या व्हायरसवर थेट औषध नाही, सलाईन वगैरे देऊन फक्त झुंजायचं.

म्हणून 8 आठवड्यांचं झालं की या आजारासह तीन आजारांवरची तिहेरी लस सुरू करा, ज्याला डॉक्टर ट्रायकॅट म्हणतात, मग दर 3-4 आठवड्यांनी डोस, साधारण 16 आठवड्यांपर्यंत. रेबीजची 12 आठवड्यांनंतर. जंतांचं औषधही डॉक्टर वजन बघून देतील तेवढंच. आणि अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामॉल कृपा करून देऊ नका, मांजराच्या शरीराला ती झेपत नाही, अर्धी गोळीसुद्धा जीव घेऊ शकते!

28 सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो, तेव्हा ठिकठिकाणी मोफत लसीकरणाचे कॅम्प लागतात. आयोजकांना एकच विनंती, मांजरांसाठी वेगळी वेळ ठेवा, भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या रांगेत बास्केटमधलं मांजर भीतीने नुसतं थरथरत असतं, मग लोक आणतच नाहीत.

– एक मांजरप्रेमी वाचक, डोंबिवली