बालवाडीच्या भिंती पाडव्याआधी सजवायच्या आहेत : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार वि. वि.

पळस फुलला की आपल्या बालवाडीच्या भिंतींवर कागदाची पाने चढू लागतात, हे वर्ध्यातल्या आपल्या माणसांना सांगायला नको. यंदा मात्र पळस फुलून पंधरा दिवस झाले तरी तिन्ही खोल्यांच्या भिंती कोऱ्या आहेत. पावसाळ्यात मधल्या खोलीचे छत गळले. मुलांनी केलेल्या माळा, हाताच्या ठशांचे झाड, गोणपाटाचे फलक, सगळ्याला बुरशी धरली आणि सगळे उतरवावे लागले. दिवाळीनंतर डागडुजी झाली, चुना मारून झाला आणि मंडळाची शिल्लक त्यातच संपली. गुढीपाडवा १९ मार्चला आहे. त्या दिवशी नवी मुले आईचा पदर धरून पहिल्यांदा आत येतात. त्यांनी कोऱ्या भिंतीकडे पाहून रडत परत फिरावे, हे कार्यकारिणीतल्या एकालाही सहन होणार नाही.

आपल्या बालवाडीचा वसंत म्हणजे काय, हे नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांसाठी थोडे लिहिते. वखारीतल्या काकाजींनी अनेक वर्षे लाकडाचे छिलके पोत्यात भरून पाठवले. रंध्याखालून निघालेला तो छिलका मुलांनी बोटाभोवती गुंडाळला की त्याचा झेंडू होतो. छापखानेवाल्या भाऊंनी कापलेल्या कागदाच्या रंगीत पट्ट्या कधी रद्दीत जाऊ दिल्या नाहीत. आपल्या पताका आणि साखळ्या त्यांच्याच पट्ट्यांच्या. शिवणकाम करणाऱ्या काकूंनी ब्लाऊजपीसची कात्रणे रंगांप्रमाणे वेगळी बांधून दिली, का तर तीन वर्षांच्या मुलाला लाल आणि तांबडा हाताने निवडता यावा. आणि पोस्टातून निवृत्त झालेले आपले आजोबा! हात थरथरत असतानाही त्यांनी दर वर्षी बोथट कात्र्यांना स्वतः तेल घातले. ते गेल्या आषाढात गेले. त्यांनी तेल घातलेल्या कात्र्या अजून कपाटात आहेत आणि यंदाही त्याच वापरायच्या आहेत.

एका वर्षी पऱ्हाटीची बोंडे आली होती, ते मी विसरू शकत नाही. कापूस वेचून झाला की उरलेले टरफल चार-पाच पाकळ्यांच्या फुलासारखे उघडे असते. त्याची टोके टोचतात म्हणून मावशींनी आधी पॉलिश पेपरने ती घासून घेतली. मुलांनी बोंडे पळसाच्या पाण्यात बुडवली आणि सुतळीत ओवली. कधी एक अक्षर न बोलणारी एक छोटी मुलगी त्या माळेखाली उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "हे माह्यं फूल हाय, हे." तिची आई दारातच बसली आणि डोळे पुसत राहिली. ती माळही यंदा बुरशीत गेली.

वर्धा हे हातांनी शिकण्याचे गाव आहे. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद इथेच भरली आणि हातकामातून शिकवणारी नई तालीम इथून देशभर गेली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ सुरू केला तो १९२६ साली, म्हणजे यंदा त्याला शंभर वर्षे होत आहेत. पुढे ताराबाई बोर्डीला गेल्या, मग अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर. आजूबाजूला मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून त्यांनी मुलांची साधने उभी केली. आपल्या दोन्ही ताई त्याच वाटेने चालतात. म्हणून कृपा करून बाजारातली तयार फुले, चकचकीत कार्टूनची चित्रे किंवा थर्माकोलची कमान पाठवू नका. थर्माकोलवर तर राज्यात २०१८ पासून बंदीच आहे. भिंतीवरचे फूल वाकडे असले तरी ते मुलाने चिकटवलेले हवे, आणि ते मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर हवे. मोठ्यांच्या उंचीवर लावलेली सजावट पाहुण्यांसाठी होते, मुलाला तिथे फक्त काठ दिसतो.

आता थोडे मनातले. गेल्या वर्षी हेच आवाहन दोनशे घरी पोचवले होते. रविवारी अकरा जण आले. त्यांतल्या सहा आज्या होत्या. स्नेहसंमेलनाला मात्र खुर्च्या कमी पडल्या, आणि त्याच भिंतींपुढे उभे राहून सगळ्यांनी फोटो काढले. एका घरातून मोठे पोते आले म्हणून आम्ही आनंदाने उघडले, तर आत फुटक्या बांगड्या आणि कळकट कपडे. राग नाही, पण त्या संध्याकाळी ताई गप्प बसल्या होत्या, ते मी पाहिले आहे. ४२ मुले आणि दोन ताई, एक मावशी. एका मुलाच्या हातात कात्री असताना शेजारी एक मोठे माणूस बसावेच लागते. पैशापेक्षा आम्ही माणसांना तरसलो आहोत.

काय हवे ते असे. रविवार ८ आणि १५ मार्च, सकाळी ८ ते ११ (पुढे ऊन चढते), पाणी सोबत आणावे, एका वेळी निदान पंधरा जण तरी लागतील. वस्तू : एका बाजूने कोरे कागद, जुन्या लग्नपत्रिका व कॅलेंडरे, धुतलेली कापडाची कात्रणे, लोकर, सुतळी, स्वच्छ गोणपाट, नारळाच्या करवंट्या, ठशांसाठी जून भेंडी व बटाटे, पऱ्हाटीची वाळकी बोंडे (आत गुलाबी अळी राहते, झटकून आणावीत). बारीक मणी व लहान बटणे नकोत, मुले तोंडात घालतात. पळसाची फुले खाली पडलेलीच वेचावीत, फांद्या तोडू नयेत, कापडी पिशवीत शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचवावीत, कारण रात्रभर भिजवून सकाळी उकळायची असतात. खळ इथेच रोज ताजी शिजवू, घरून आणल्यास तीत मोरचूद घातलेले नसावे. खर्च : फलकांच्या चौकटी, गोणपाट, घोटीव कागद, कार्डशीट, १० नव्या कात्र्या मिळून १८,००० रुपये. जमले ६,५००. उरलेले ११,५०० रुपये ६ मार्चपर्यंत हवेत, सुताराला आगाऊ रक्कम द्यायची आहे. ५० रुपयेही चालतील. पावती हातोहात मिळेल. वस्तू व देणगी रोज सकाळी ९ ते १२ बालवाडीत मावशींकडे. हिशेब पाडव्याच्या दिवशी फळ्यावर लावू.

छापखानेवाल्या भाऊंनी या वर्षीच्या पट्ट्या आधीच पाठवल्या आहेत. वखारीचे काकाजी आजारी आहेत, पण नातवाच्या हाती छिलक्यांचे एक पोते आलेच. त्या दोघांचे मन:पूर्वक आभार. दुसरे पोते उचलून आणायला दुचाकीवाला कोणी मिळाल्यास आजच कळवावे.

आपली नम्र,
कार्यवाह

ता. क. : गेल्या वर्षी सजावटीच्या दिवशी कोणाचा तरी हिरव्या मुठीचा पितळी अडकित्ता आणि एक चष्मा राहिला आहे. दोन्ही कपाटात जपून ठेवले आहेत. ८ तारखेला येताना ओळख सांगून घेऊन जावे.